नसण्याचे प्रकार आणि त्यांची भाषा : ड्रायव्हर शोधून देणाऱ्या इंटरफेसची रचना

१. विषयाची व्याप्ती

संगणकाला जोडलेले उपकरण, मग तो प्रिंटर असो, स्कॅनर असो वा बिनतारी जाळ्याशी संबंध जोडणारी एखादी लहानशी पट्टी असो, संगणकाच्या कार्यप्रणालीशी आपण होऊन बोलू शकत नाही. उपकरणाची भाषा त्याच्या निर्मात्याने ठरविलेली असते; कार्यप्रणालीची भाषा निराळी असते. या दोहोंमध्ये दुभाष्याचे काम करणारा जो प्रोग्राम, त्याला ड्रायव्हर म्हणतात. हा दुभाषी हजर नसेल तर उपकरण धडधाकट असूनही मुके राहते. स्कॅनरचा दिवा लागतो, पण पान संगणकात उतरत नाही. ध्वनिवर्धक जोडलेला असतो, पण आवाज येत नाही.

अशा वेळी नेमके काय नाही हे वापरणाऱ्याला सांगणारा, ते कोठून मिळेल हे दाखविणारा आणि ते बसवून देणारा जो इंटरफेस, म्हणजे पडद्यावरील खिडक्या, वाक्ये व बटने यांची जी संवादरचना, ती कशी असावी हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. हा प्रश्न सामान्यतः अभियंत्यांचा मानला जातो. वस्तुतः त्याचा मोठा भाग नामकरणाचा, अनुवादाचा आणि वाक्यरचनेचा आहे. म्हणून भाषेच्या अभ्यासकांनी त्याकडे लक्ष देणे अप्रस्तुत ठरू नये. शिवाय त्यांचा स्वार्थही यात गुंतलेला आहे. जुन्या पोथ्यांची व नियतकालिकांची पाने संगणकात उतरवून घेण्याचे काम ज्या स्कॅनरवर चालते, त्याचा ड्रायव्हर नव्या कार्यप्रणालीसाठी निघालाच नाही, तर चालते यंत्र अडगळीत जाते आणि काम थांबते. ३२ बिटांच्या विंडोजसाठी लिहिलेले, कार्यप्रणालीच्या गाभ्यात चालणारे ड्रायव्हर ६४ बिटांच्या विंडोजवर चालत नाहीत. या एका कारणाने कितीतरी सुस्थितीतील उपकरणे निरुपयोगी ठरली आहेत. यंत्र बिघडलेले नाही, केवळ त्याचा दुभाषी नाही, ही गोष्ट वापरणाऱ्याला कोणी स्पष्ट शब्दांत सांगितली नाही, तर तो यंत्रालाच दोष देतो किंवा स्वतःला.

२. एका उपकरणाची तीन नावे

पहिली अडचण नावाची आहे. संगणक उपकरणाला नावाने ओळखत नाही, क्रमांकाने ओळखतो. संगणकाच्या आत पीसीआय या मार्गावर बसविलेले उपकरण आपली ओळख मुख्यतः दोन क्रमांकांनी देते : एक निर्मात्याचा आणि दुसरा त्या विशिष्ट नमुन्याचा. प्रत्येक क्रमांक १६ बिटांचा, म्हणजे षोडशमान पद्धतीने लिहिल्यास चार चिन्हांचा असतो. त्यातून ६५,५३६ निरनिराळे क्रमांक संभवतात. इंटेल कंपनीचा निर्माता-क्रमांक ८०८६ असा आहे आणि त्याच कंपनीच्या १९७८ सालच्या प्रसिद्ध प्रोसेसरचा क्रमांकही ८०८६ होता. परंतु अशी अर्थपूर्ण खूण अपवादानेच भेटते. एरवी हे क्रमांक माणसाच्या दृष्टीने निरर्थक असतात, आणि यूएसबीच्या उपकरणांचीही ओळख याच धर्तीवर दिली जाते. ड्रायव्हरबरोबर तो कोणत्या क्रमांकांची उपकरणे सांभाळू शकतो याची यादी दिलेली असते. कार्यप्रणाली उपकरणाचा क्रमांक या यादीशी ताडून पाहते. जुळला तर ड्रायव्हर कामाला लागतो.

दुसरे नाव बाजारातले. ते खोक्यावर आणि यंत्राच्या पाठीवर छापलेले असते. वापरणाऱ्याला हेच नाव ठाऊक असते. पण ते नेहमी भरवशाचे नसते. एकाच व्यापारी नावाने विकल्या गेलेल्या बिनतारी पट्ट्यांच्या निरनिराळ्या आवृत्त्यांत निरनिराळ्या कंपन्यांच्या चिप बसविलेल्या आढळतात. नाव एक आणि ड्रायव्हर दोन, अशी स्थिती त्यामुळे उद्भवते. क्रमांकावरून नाव काढण्याची सोय आहे, परंतु तीही माणसांच्या श्रमांवर अवलंबून आहे : लिनक्समध्ये पीसीआय उपकरणांची नावे ज्या सार्वजनिक यादीतून दाखविली जातात, ती स्वयंसेवकांनी पाठविलेल्या नोंदींमधून वाढत आलेली आहे. कोशकार्याशी परिचित असलेल्या वाचकाला या यादीचे स्वरूप ओळखीचे वाटेल.

तिसरे नाव खरे म्हणजे नाव नव्हेच. ती तक्रार आहे. ‘आवाज येत नाही’, ‘वायफाय दिसत नाही’, ‘छपाई होत नाही’. संगणकासमोर बसलेला माणूस उपकरणाचा विचार त्याच्या कार्यावरून, आणि तोही ते कार्य बंद पडल्यावर करतो. चांगल्या इंटरफेसने या तिसऱ्या नावापासून आरंभ करावा, दुसरे नाव त्याच्या शेजारी दाखवावे आणि पहिले नाव, म्हणजे क्रमांक, गरज पडल्यास उतरून घेता येईल अशा जागी ठेवावे. क्रमांक पूर्णपणे लपविणे हेही चूकच ठरते, कारण मदत मागताना जाणकार माणूस प्रथम तोच विचारतो.

३. नसण्याचे प्रकार

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. ड्रायव्हर ‘नाही’ असे म्हटल्याने नेमके काय सांगितले जाते? मराठीत ‘हरवला’, ‘सापडला नाही’, ‘मिळाला नाही’, ‘नव्हताच’ हे चार प्रयोग चार निराळ्या परिस्थितींचे निदर्शक आहेत. हरवलेली वस्तू पूर्वी होती. न सापडलेली कदाचित अजूनही कोठे तरी असेल. न मिळालेली वस्तू आहे, पण हाती आली नाही. आणि जी नव्हतीच तिचा शोध व्यर्थ आहे. ड्रायव्हरच्या बाबतीत हे चारही प्रकार प्रत्यक्षात संभवतात, आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. ड्रायव्हर पूर्वी होता पण अद्ययावतीकरणात मोडला, तर मागील आवृत्तीकडे परतावे लागते. तो शोधलेल्या जागी नाही, पण निर्मात्याच्या संग्रहात आहे, तर तेथे जावे लागते. तो समोर आहे, पण त्याची स्वाक्षरी पटत नाही म्हणून कार्यप्रणालीने अडविला आहे, तर प्रश्न विश्वासाचा असतो. आणि तो कधी लिहिलाच गेला नसेल, तर शोध थांबविण्याचा सल्ला देणे हाच उपाय असतो.

संगणकाला हे भेद बऱ्याच अंशी ठाऊक असतात. तो ते बोलत नाही एवढेच. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्रायव्हर बसविलेला नसल्यास २८, उपकरण सुरू होऊ शकत नसल्यास १० आणि ड्रायव्हरची स्वाक्षरी तपासता येत नसल्यास ५२ असे सांकेतिक क्रमांक दिले जातात. परंतु यादीवर प्रथम नजर टाकणाऱ्याला तिन्ही ठिकाणी पिवळ्या त्रिकोणातील तेच एक उद्गारचिन्ह दिसते. अर्थ कळण्यासाठी त्या ओळीवर जाऊन आणखी एक खिडकी उघडावी लागते. म्हणजे निदान झालेले असते, पण ते रुग्णाच्या कानी पडत नाही.

याच्या उलट एक उदाहरण स्कॅनरच्या क्षेत्रात आहे. लिनक्स व तत्सम प्रणालींवर स्कॅनर चालविणाऱ्या ‘सेन’ या प्रकल्पाने आपल्या यादीत उपकरणांची केवळ ‘चालते’ आणि ‘चालत नाही’ अशी विभागणी केलेली नाही. पूर्ण, चांगले, प्राथमिक, अगदी किमान, न तपासलेले आणि आधार नसलेले, अशा पायऱ्या तेथे आहेत. ‘न तपासलेले’ आणि ‘आधार नसलेले’ यांतील फरक विशेष मोलाचा आहे. पहिल्यात अज्ञानाची प्रामाणिक कबुली आहे आणि दुसऱ्यात ज्ञानाची. इंटरफेसच्या वाक्यांनी हा भेद राखला, तर वापरणाऱ्याचा कितीतरी वेळ वाचतो.

४. शोधाची रीत : चार टप्पे

ड्रायव्हर शोधून देण्याच्या रीतीचा इतिहास थोडक्यात पाहणे उपयुक्त ठरेल. २४ ऑगस्ट १९९५ रोजी प्रसिद्ध झालेल्या विंडोज ९५ ने नवे उपकरण आपण होऊन ओळखण्याची योजना सर्वसामान्यांपर्यंत आणली. उपकरण जोडताच एक मार्गदर्शक खिडकी उघडे आणि वापरणाऱ्याकडे ड्रायव्हरची तबकडी मागे. तबकडी हाताशी असली तर संवाद पुढे सरके; नसली तर तेथेच थांबे.

२००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीच्या मार्गदर्शकात दोन वाटा होत्या : स्वयंचलित शोध किंवा स्वतः दाखविलेल्या जागेवरून स्थापना. पहिलीपुढे ‘शिफारस केलेली’ आणि दुसरीपुढे ‘प्रगत’ अशी विशेषणे होती. स्वयंचलित शोध निष्फळ ठरला की वापरणारा ‘प्रगत’ नसतानाही त्याच वाटेवर ढकलला जाई. येथे विशेषणाची निवड चुकली होती. ती वाट प्रगतांची नव्हती, शोध अयशस्वी झालेल्यांची होती.

तिसरा टप्पा उबुंटूचा. या लिनक्स वितरणाच्या एप्रिल २००७ च्या आवृत्तीत मालकी हक्काचे ड्रायव्हर सांभाळणारे एक स्वतंत्र साधन आले; पुढे ‘जॉकी’ या नावाच्या साधनाने त्याची जागा घेतली; आणि ऑक्टोबर २०१२ च्या आवृत्तीपासून हे काम ‘अतिरिक्त ड्रायव्हर’ या पानाकडे आले. या पानाची रचना साधी आहे. वर उपकरणाचे नाव, त्याखाली उपलब्ध ड्रायव्हरची यादी, प्रत्येकापुढे तो मुक्त आहे की मालकी हक्काचा आणि तपासलेला आहे की नाही याची नोंद, आणि शेवटी ‘हे उपकरण वापरू नका’ असाही एक पर्याय. खाली दोन बटने असतात : केलेली निवड मागे घेण्याचे आणि ती लागू करण्याचे. निवड आणि तिची अंमलबजावणी यांत जाणीवपूर्वक राखलेले हे अंतर या पानाचा मोठा गुण आहे.

चौथे उदाहरण डेबियनचे. या वितरणाने मुक्त नसलेली सामग्री दीर्घकाळ आपल्या अधिकृत स्थापना-माध्यमाबाहेर ठेवली होती. त्यामुळे अनेक बिनतारी पट्ट्यांसाठी लागणारे फर्मवेअर, म्हणजे खुद्द उपकरणाच्या अंतरंगात भरावयाचा प्रोग्राम, स्थापनेच्या वेळी हाताशी नसे. स्थापना करणारा प्रोग्राम गहाळ फाइलचे नाव सांगून ती वेगळ्या माध्यमावरून पुरविण्याची विनंती करी. माहिती अचूक होती. परंतु अक्षरे आणि अंक यांच्या त्या मालिकेवरून आपले वायफाय अडले आहे हे नवख्या माणसाला उमगत नसे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सदस्यांच्या मतदानाने असे फर्मवेअर अधिकृत माध्यमात घेण्याचा निर्णय झाला आणि १० जून २०२३ रोजी प्रसिद्ध झालेल्या डेबियन १२ पासून तो अमलात आला. तत्त्व आणि सोय यांतील या वादाची बाजू काहीही असो, एक गोष्ट त्यातून स्पष्ट होते : इंटरफेसमधील एक वाक्य समजत नव्हते, त्याच्या मुळाशी संस्थेचे धोरण होते. वाक्य सुधारण्यासाठी कधी कधी धोरणापर्यंत जावे लागते.

५. जे नाही त्यावाचून चालणारा इंटरफेस

या विषयातील सर्वांत कठीण तत्त्व असे मांडता येईल : जी वस्तू गहाळ आहे तिच्याच मदतीची अपेक्षा इंटरफेसने करू नये. जाळ्याच्या पट्टीचा ड्रायव्हर नाही आणि तो जाळ्यावरून उतरवून घ्या असा सल्ला मिळतो, हा या क्षेत्रातील नित्याचा अनुभव आहे. कुलुपाची किल्ली कुलपातल्या पेटीत ठेवण्याचाच हा प्रकार होय. येथे निदान तीन उपाय शक्य असतात : नेहमी लागणारे जाळ्याचे ड्रायव्हर स्थापनेच्या माध्यमातच आधीपासून ठेवणे; मोबाइल फोन केबलने जोडून त्याचे इंटरनेट तात्पुरते वापरण्याची वाट दाखविणे; आणि दुसऱ्या संगणकावरून नेमकी कोणती फाइल आणावयाची, ते कागदावर उतरून घेता येईल इतक्या सुटसुटीत रीतीने सांगणे.

हेच तत्त्व इतरत्रही लागू पडते. पडद्याचा योग्य ड्रायव्हर नसेल तर चित्र कमी बारकाव्याचे, मोठ्या ठिपक्यांचे दिसते. तेव्हा खिडकी इतकी लहान असली पाहिजे की तिचे शेवटचे बटन पडद्याबाहेर जाऊ नये. टचपॅड चालत नसेल तर सर्व कृती कळफलकावरून करता आल्या पाहिजेत. आणि आवाजाचा ड्रायव्हर नसेल तर? डोळस माणसाला तेवढ्याने गाणे ऐकू येत नाही. परंतु पडदा वाचून दाखविणाऱ्या प्रोग्रामच्या आधारे काम करणाऱ्या अंध व्यक्तीला अवघा संगणकच निःशब्द होतो. ‘ध्वनी-उपकरणाचा ड्रायव्हर नाही’ ही सूचना तिला ऐकू येत नाही, कारण ती ऐकविणारे उपकरण तेच आहे. म्हणून ध्वनीचा ड्रायव्हर ऐच्छिक मानणे योग्य नव्हे. तो पहिल्या प्रतीच्या गरजांत मोडतो.

६. विश्वास, संमती आणि परतीची वाट

ड्रायव्हर हा सामान्य प्रोग्राम नसतो. अनेक ड्रायव्हर कार्यप्रणालीच्या गाभ्यात चालतात. त्यांच्या हाती संपूर्ण यंत्राची सूत्रे जाऊ शकतात. कार्यप्रणालीने वापरणाऱ्याला एकटे सोडले की तो शोधयंत्राकडे वळतो, आणि तेथे निर्मात्याच्या पृष्ठाबरोबरच ड्रायव्हरच्या नावाखाली भलतेच प्रोग्राम माथी मारणारी ठिकाणेही असतात. तेव्हा इंटरफेसचे मौन हे निरुपद्रवी नसते. ते माणसाला धोक्याच्या वाटेवर पाठविते.

याउलट, सूचनांचा अतिरेकही तितकाच घातक ठरतो. विंडोज एक्सपीमध्ये मायक्रोसॉफ्टच्या चाचणीत न उतरलेला ड्रायव्हर बसविताना गंभीर शब्दांत इशारा मिळत असे, आणि त्याखाली ‘तरीही पुढे चला’ असे बटन असे. अनेक उपकरणांच्या माहितीपुस्तिकांतच हे बटन दाबण्याची सूचना छापलेली असे. ज्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष करण्याची शिकवण उपकरणाबरोबरच मिळते, त्याचे मूल्य शून्य होते. पुढे ६४ बिटांच्या विंडोज व्हिस्टापासून गाभ्यातील ड्रायव्हरला स्वाक्षरी सक्तीची झाली. म्हणजे जेथे वाक्य निष्प्रभ ठरले तेथे नियम आणावा लागला.

संमती खरी व्हावयाची तर तिच्यापूर्वी चार गोष्टी सांगितल्या पाहिजेत : ड्रायव्हर कोणी लिहिला, तो कोठून येत आहे, तो बसविल्याने काय सुरू होईल आणि काय बिघडू शकेल. त्याबरोबरच परतीची वाटही दाखविली पाहिजे. पडद्याचा ड्रायव्हर बसविल्यावर पडदाच काळा झाला, तर ‘मागे घ्या’ हे बटन त्या काळोखात दिसणार नाही. म्हणून ठराविक सेकंदांत उत्तर न मिळाल्यास आपण होऊन पूर्वस्थितीवर येण्याची रीत अशा ठिकाणी अवलंबावी लागते. पडद्याचा आकार बदलताना ती फार पूर्वीपासून रूढ आहे.

७. मराठी वाक्याची अडचण

हा सर्व संवाद मराठीत आणावयाचा झाल्यास आणखी काही प्रश्न उभे राहतात. ‘ड्रायव्हर’ हा शब्द मराठीत नवा नाही. पण तो एस.टी. किंवा ट्रक चालविणाऱ्या माणसासाठी रुळलेला आहे. ‘ड्रायव्हर सापडला नाही’ हे वाक्य संगणकाशी अपरिचित असलेल्याला डेपोतील तक्रारीसारखे वाटले तर नवल नाही. ‘चालक’ असा पर्याय दिल्याने ही अडचण सुटत नाही, कारण तोही शब्द त्याच माणसाचा वाचक आहे. व्यवहारात लोक ‘प्रिंटरचा ड्रायव्हर टाकला’ असे सर्रास बोलतात, आणि तेथे उपकरणाचे नाव आधी आल्याने संदिग्धता उरत नाही. लोकांच्या बोलण्यातील हीच युक्ती इंटरफेसने उचलावी : ड्रायव्हर हा शब्द एकटा कधी वापरू नये.

याहून गंभीर प्रश्न व्याकरणाचा आहे. प्रोग्राम लिहिताना वाक्याचा साचा आधी तयार करतात आणि उपकरणाचे नाव रिकाम्या जागी मागाहून भरतात. इंग्रजीसारख्या भाषेत हे बहुधा निभावते. मराठीत मात्र प्रिंटर ‘सापडला’, ध्वनियंत्रणा ‘सापडली’ आणि उपकरण ‘सापडले’. शब्दयोगी अव्यय लागताच नामाचे सामान्यरूप होते : प्रिंटर तसाच राहतो, पण कॅमेऱ्याचे ‘कॅमेऱ्यासाठी’ आणि पडद्याचे ‘पडद्यासाठी’ होते. रिकाम्या जागेपुढे ‘साठी’ लिहून ठेवणारा साचा ‘कॅमेरासाठी’ असे अशुद्ध रूप निर्माण करतो. हिंदीत आकारान्त पुल्लिंगी नामाच्या बाबतीत अशीच अडचण येते. बंगालीत क्रियापद लिंगानुसार बदलत नाही आणि तमिळमध्ये निर्जीव वस्तूंना पुल्लिंग-स्त्रीलिंग असा भेद नाही. त्यामुळे क्रियापदाच्या लिंगाचा प्रश्न तेथे उद्भवत नाही. तात्पर्य, एकाच साच्याचे सर्व भारतीय भाषांत सरसकट भाषांतर करण्याची पद्धत मुळातच सदोष आहे.

यावर सोपा उपाय असा की नाव वाक्यात गुंफण्याऐवजी स्वतंत्र ओळीत प्रथमा विभक्तीत ठेवावे : ‘उपकरण : कॅमेरा. स्थिती : ड्रायव्हर बसविलेला नाही. उपाय : इंटरनेटवरून उतरवून घेता येईल.’ ही मांडणी व्याकरणाच्या अडचणीतून सुटते आणि नाव, नसण्याचा प्रकार व पुढील कृती या तिन्ही गोष्टी वेगळ्या करते. भाषेची गरज आणि रचनेची गरज येथे एकाच ठिकाणी येऊन मिळतात, ही गोष्ट लक्षणीय आहे.

८. समारोप

ड्रायव्हर शोधण्याची गरजच कमी करण्याचा प्रयत्न अलीकडे जोमाने चालू आहे. कळफलक, माउस, साठवणीच्या पट्ट्या यांच्यासाठी यूएसबीने सामाईक वर्ग ठरवून दिल्यामुळे एकच सर्वसाधारण ड्रायव्हर अनेक निर्मात्यांच्या उपकरणांना पुरतो. छपाईच्या क्षेत्रात २०१० साली ॲपलने एअरप्रिंट ही पद्धत आणली. पुढे इतर निर्मात्यांनीही स्वतंत्र ड्रायव्हरवाचून छापण्याच्या सामाईक पद्धती स्वीकारल्या. आणि २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील इतर कंपन्यांच्या प्रिंटर-ड्रायव्हरचा आधार टप्प्याटप्प्याने संपविण्याचे जाहीर केले. प्रत्येकासाठी दुभाषी नेमण्यापेक्षा सर्वांनी एक समान भाषा शिकावी, असा हा मार्ग आहे.

परंतु समान भाषा नव्या यंत्रांना येते, जुन्यांना नाही. ग्रंथालयांतील, शाळांतील आणि घरांतील जुनी उपकरणे पुढील कितीतरी वर्षे आपापल्या दुभाष्यांवरच अवलंबून राहणार आहेत. त्यांच्यासाठी इंटरफेसने जे सांगावयाचे ते थोडके आहे : काय बंद आहे, ते कोणत्या अर्थाने नाही, ते कोणाकडून व कशाच्या भरवशावर मिळेल, आणि मिळणारच नसेल तर तसे. यांपैकी शेवटचे वाक्य इंटरफेसमध्ये क्वचितच आढळते. ते लिहिले गेले, तर निदान चांगले यंत्र टाकून देणाऱ्याला आपण ते का टाकतो आहोत हे कळेल. आणि त्याच यंत्रासाठी दुसऱ्या एखाद्या प्रणालीत ड्रायव्हर आहे काय, हा पुढचा प्रश्न विचारण्याची सवड त्याला मिळेल.